आठव्या दिवशी काढलेले टेकू

१० जानेवारी, शनिवार

निवृत्तीनंतर सहा वर्षांनी आज पुन्हा डबा भरला. पोळी, मेथी, लोणचं.

प्रशिक्षण केंद्र चंद्रपुरात, मूल रोडला. खाली टायरचं दुकान, वर आम्ही. भिंतीवर फ्लेक्स: 'साइट सुपरवायझरांसाठी व्यावसायिक जाणीव'. जाणीव म्हणे. ती पाच शनिवारांत येते हे मला या वयात कळलं. नितीन म्हणून समन्वयक आहे, टोकदार बुटांचा. म्हणाला, "मॅडम, थोडं पॉझिटिव्ह ठेवा." म्हटलं, तेहतीस वर्षं सरकारी कार्यालयात बांधकामांचे तंटे वाचले, पॉझिटिव्ह कुठून आणू?

बावीस जण. चंद्रपूर-गडचिरोलीतल्या वेगवेगळ्या ठेकेदारांचे. विचारलं, साहेबाने एखादं काम तोंडी सांगितलं तर लेखी आदेश मागता का? एकही हात वर नाही. मागच्या बाकावरून एक जण:

"बाई, सायबाले 'लिहून द्या' म्हटलं तं सायब लिहून देते ना. उद्यापासून येऊ नको, असं."

सगळे हसले. मीही. मग सांगितलं, साहेब बदलतो, ठेकेदार बदलतो, तंटा पाच वर्षांनी उभा राहतो. तेव्हा तुमच्या बाजूने बोलायला तुमचा कागदच असतो.

बोलणाऱ्याचं नाव रैनू नैताम. धानोऱ्याकडचा, पस्तिशीचा, आयटीआय झालेला. अक्षर इतकं नेटकं की आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टरने पट्टी खाली ठेवली असती.

१७ जानेवारी, शनिवार

आजचा विषय साइटची रोजची नोंदवही. ती रोज कोणीच लिहीत नाही. महिनाअखेरीस एका बैठकीत, एका पेनने भरतात. अशी वही मी दुरून ओळखते. शाई एक, दाब एक, पानावर सिमेंटचं बोट नाही, आणि पोळ्याच्या दिवशीही मजूर पूर्ण हजर. हे सांगितल्यावर वर्गात जो हशा झाला तो चोरी सापडल्याचा होता.

पुढच्या बाकावर पराग. सुपरवायझर नाही, ठेकेदाराच्या ऑफिसात बिलं बनवतो. "नॉलेजसाठी आलो मॅडम." मोबाइल कायम उताणा, मांडीवर.

गृहपाठ: आपल्या साइटच्या नोंदवहीतली तीन पानं आणा. खरी.

२४ जानेवारी, शनिवार

वर्ग फार छान झाला. एकवीस जणांनी धुतल्यासारखी स्वच्छ पानं आणली. नैतामने खिशातल्या वहीतली तीन पानं फाडून आणली, कडेला ग्रीसचा डाग. अधिकृत वही वेगळी, ही त्याची स्वतःची. त्यातलं एक पान पडद्यावर लावलं, मोठ्याने वाचलं. ६ जानेवारीची नोंद:

'मंगळवार. स्लॅबचा आठवा दिवस. थंडी खूप. स. ९.४० ला साइट इंजिनिअरने तोंडी सांगितले, टेकू काढा, दुसऱ्या साइटवर पाहिजेत. मी म्हटले एकवीस दिवस व्हायचे आहेत. ते म्हणाले वरून आदेश आहे. ११ ला काढणे सुरू. मी हात लावला नाही. दु. ३ ला स्लॅबखाली मधोमध केसाएवढी रेघ दिसली. दाखवली. ते म्हणाले, सिमेंटचा हात मारून टाक.'

म्हटलं, बघा. वेळ, माणूस, त्याचे शब्द, आपलं म्हणणं. आदर्श नोंद. टाळ्या वाजल्या. नैताम लाजला. परागने पडद्याचा फोटो काढला. मला वाटलं, अभ्यासासाठी.

सायं. ६. वरचं लिहिलं ते घरी आल्या आल्या. मग गॅलरीत चहा घेऊन उभी राहिले. शेजाऱ्यांच्या नव्या गच्चीखाली बांबूंचं रान आहे. मिस्त्री ओरडून कोणाला तरी सांगत होता, "अजून पंधरा दिवस एक बी बांबू हलवायचा नाई, मान खाली येईन तुयी."

कप हातात तसाच राहिला.

मी ते पान नोंद म्हणून वाचलं. जबाबदारी कोणाची, पुरावा कसा, एवढंच पाहिलं. पुलाचा स्लॅब आठव्या दिवशी उघडा केला आणि त्याला तडा गेला, हे त्यात लिहिलं होतं. बावीस माणसांसमोर मी ते खणखणीत वाचलं आणि मला ऐकू आलं नाही.

नैतामचं नाव कागदाने झाकलं होतं. पानाच्या डोक्यावरचं गावाचं आणि पुलाचं नाव झाकलं नव्हतं. आणि पराग त्याच ठेकेदाराचा. हजेरीपत्रकात दोघांच्या नावापुढे एकच नाव आहे, दर शनिवारी माझ्या डोळ्यांखालून जातं.

२५ जानेवारी, रविवार

बी.पी.ची गोळी दोनदा घेतली की एकदा, आठवत नाही.

शेवंता भांडी घासता घासता म्हणाली, "बाई, शिवरात्रीले तीन दिवस नाई येत बरं. मार्कंड्याच्या जत्रेले जाते, मायले घेऊन." दरवर्षीचंच. अकरा वर्षं ती माझं घर सांभाळते, तेवढीच वर्षं ही सुट्टी. मान हलवली.

"यंदा बरं हाये पण. आमच्या गावच्या नाल्यावर पूल झाला. मांगच्या साली यष्टीतून उतरून नाल्यातल्या रपट्यावरून चालत जा लागे. आता यष्टी दारापुढून जाते म्हंते जत्रेत."

गावाचं नाव मला माहीत होतं, तरी पुन्हा विचारलं. तेच. पानावरचं.

२६ जानेवारी, सोमवार

नैतामला फोन. मागे कुठल्याशा शाळेचं झेंडावंदन ऐकू येत होतं.

म्हटलं, ती रेघ अजून आहे?

"हाये बाई. वाढली थोडी. पेन्सिलनं टोकाले खूण केली होती, तिच्या पुढं गेली."

हे कोणाला सांगितलं?

"तुमाले सांगितलं ना. लिहून."

मग तोच म्हणाला, "तुमी सरकारात होत्या. म्या म्हटलं बाई वाचतीन तं काही करतीन. तुमी टाळ्या वाजवाले लावल्या."

रागाने म्हणाला नाही. तेच वाईट.

२८ जानेवारी, बुधवार

दुपारी पराग आला. घरी. पत्ता केंद्रातून घेतला. हातात पेढ्यांचा डबा.

"साहेबांनी पाठवले. तुमचं शिकवणं आवडलं म्हणे त्यांना."

साहेबांनी मला शिकवताना पाहिलं नाही, म्हटलं.

"फोटो पाहिला ना. ते पान पाहिजे मॅडम. ओरिजिनल. आमच्या माणसाची वही म्हणजे कंपनीचीच मालमत्ता."

पान केंद्रात आहे, असं सांगितलं. खोटं. शिवणाच्या डब्यात होतं, त्याच्यापासून चार हातांवर. तो उठेना. दोरीवरचे कपडे पाहिले, दाराजवळच्या चपला पाहिल्या.

"मॅडम एकट्याच राहता काय?"

नाही, म्हटलं.

"नाही? चपला तं एकच जोड दिसते."

मग हसला. मी त्याला इंग्रजीत एक वाक्य ऐकवलं, जे सिस्टर फक्त फार बिघडलेल्या मुलींसाठी राखून ठेवायच्या. त्याला कळलं नाही. "थँक्यू मॅडम" म्हणून गेला.

कडी लावली. पुन्हा पाहिली. पेढे कचऱ्यात टाकले. शेवंता चिडली, "एवढे चांगले पेढे बाई!" तिला काय सांगणार. हातातून डबा निसटला, असं म्हटलं. हेही खोटं.

३१ जानेवारी, शनिवार

नैताम आला नाही. पराग आला नाही. बाकीचे वीस जण वेळेच्या आधी येऊन बसलेले, कधी नव्हे ते.

फळ्याकडे वळले तोच गडचांदूरचे खोब्रागडे उभे राहिले. वयाने सगळ्यांत मोठे, सिमेंटच्या कामांवर आयुष्य गेलेलं. माझे बाबा कोळसा खाणीत टाइमकीपर होते, ते असेच उभे राहायचे, हात पाठीमागे.

"मॅडम, रागावू नका. आमची पानं वापस द्या."

तुमच्या पानांत काय आहे? सगळी खोटी तर आहेत.

"खोटी हायेत म्हणूनच द्या."

वीस जण रांगेने आले. एकेकाला त्याची पानं दिली. कोणी नजर वर केली नाही. एक जण म्हणाला, "नैतामले पुलावरून काढून स्टोअरले बसवलं म्हंते." दुसरा त्याला म्हणाला, "चूप राय ना बे."

'सूचनापत्र कसं लिहावं' यावर दीड तास बोलले. कोणीही काही लिहून घेतलं नाही.

नितीन जिन्यात म्हणाला, "मॅडम, वरून फोन होता. शेवटच्या शनिवारी सर्टिफिकेटचाच कार्यक्रम ठेवू, लेक्चर नको." त्याच्या कपाळावर घाम. म्हणजे घाबरणारी मी एकटी नाही. यात बरं वाटण्यासारखं काहीच नाही, तरी वाटलं.

३ फेब्रु., मंगळवार

भर दुपारी नैताम आला. मागच्या दाराने. पाणी दिलं, प्यायला नाही, तांब्या धरून बसला.

कंपनीने पुलाची नवीन नोंदवही केली आहे. जुनी कुठे गेली माहीत नाही. नवीत ६ तारखेला काहीच नाही. २६ जानेवारीच्या तारखेखाली लिहिलंय: 'सुपरवायझर नैताम यांनी टेकू काढले.' म्हणजे कागदावर अठ्ठाविसावा दिवस. सगळी वही एका पेनने. झेंडावंदनाच्या दिवशीही मजूर पूर्ण हजर.

"तुमी शिकवलं तसंच दिसते बाई. लगेच ओळखलं म्या."

हसला. मी हसू शकले नाही.

त्याची सही हवी आहे त्यांना. शुक्रवारपर्यंत. सही केली तर उद्या काही झाल्यास दोष त्याचा. नाही केली तर घरी बस.

"करू काय सही?"

तेहतीस वर्षं लोक मला विचारत आले आणि मी नियम सांगत आले. आज नियम सांगितला: न वाचता, न पटता सही करायची नाही. तो मान हलवत राहिला. मग म्हणाला,

"घरी दोन पोरी हायेत."

शिवणाचा डबा काढला, पान त्याच्यापुढे ठेवलं. तुझं आहे, घेऊन जा. जाळ वाटलं तर. पहिल्यांदाच त्याला 'तू' म्हटलं.

त्याने हात लावला नाही.

"तुमच्याजवळच राहू द्या. माझ्याजवळ राहिलं तं मी त्याइले देऊन टाकीन. मले माझं माहीत हाये."

५ फेब्रु., गुरुवार

सही केली की नाही, माहीत नाही. फोन बंद.

मी अभियंता नाही. पूल पडेलच असं नाही. शंभर वर्षं उभाही राहील. दिवसभर हेच मनाशी घोकलं. पण जत्रेच्या बसमध्ये बसायच्या जागा किती आणि माणसं किती, हे मी पाहिलं आहे. एकामागून एक, तीन दिवस.

शेवंताला म्हटलं, यंदा त्या पुलावरून जाऊ नको. चामोर्शीला उतर, दुसरी गाडी पकड.

"काऊन?"

नको म्हटलं ना.

तिने हातातला झाडू भिंतीला टेकवला. अकरा वर्षांत मी तिला कारण न सांगता कधी काही सांगितलेलं नाही, टोचून सांगितलं असेल. मग सगळं सांगितलं. पान, रेघ, पेढे.

ऐकून घेतलं. मला वाटलं, घाबरेल. म्हणाली,

"मंग मलेच काऊन सांगता बाई? यष्टीत काय मी एकटीच बसते?"

आणि झाडायला लागली. जोरात. माझ्या पायांवर धूळ येईल असं.

७ फेब्रु., शनिवार

सर्टिफिकेटं वाटली. हार, फोटो, समोसे. कोणाला काही बोलायचं नव्हतं, सगळे बोलले. खोब्रागडे जाताना म्हणाले, "मॅडम, तुम्ही बरोबर शिकवलं. आम्हाला ते परवडत नाही एवढंच."

नैतामचं सर्टिफिकेट मी घेऊन आले.

८ फेब्रु., रविवार

नैतामचा फोन आला, दुसऱ्याच कोणाच्या नंबरवरून. सही केली नाही. शुक्रवारीच कामावरून काढलं.

म्हटलं, मी बांधकाम विभागाला पत्र लिहिते, माझ्या नावाने. भारचाचणी होईपर्यंत पूल बंद ठेवा, एवढंच मागते. तुझं पान जोडू का? नाव झाकून.

मागे कोंबड्या ओरडत होत्या.

"झाकू नका. झाकलं तं मीच खोटा ठरतो."

खाली विहारात वंदना चालू होती. ती संपेपर्यंत पत्र लिहून झालं. चार ओळी. तेहतीस वर्षांत इतकं लहान पत्र लिहिलं नव्हतं. शुद्ध प्रत दोनदा केली, कारण पहिलीत सही वाकडी आली.

९ फेब्रु., सोमवार

पहिल्या बसने गेले. विभागाच्या कार्यालयात आवक टेबलावर एक मुलगी. पत्र वाचलं, पान पाहिलं, हात मागे घेतला.

"साहेब मीटिंगले गेले. उद्या या."

पत्र घ्यायला साहेब लागत नाहीत, शिक्का लागतो, म्हटलं.

"शिक्का साहेबांच्या टेबलात आहे."

शिक्का तिच्या कोपरापाशी होता, शाई ओली. मी बाकावर बसले. साडेदहा ते पावणेचार. डबा तिथेच खाल्ला. स्वच्छतागृहात जायचं होतं, पण उठले तर ती टेबल आवरून निघून जाईल असं वाटायचं. म्हणून उठले नाही. या वयात हे सोपं नसतं.

पावणेचारला ती उठून आली, इकडे-तिकडे पाहिलं आणि शिक्का मारला. प्रत हातात देताना हळूच म्हणाली,

"आजी, माझं सासर त्याच बाजूले हाये."

१२ फेब्रु., गुरुवार

उत्तर नाही. दोनदा फोन केला. "कार्यवाही सुरू आहे."

नैताम सांगतो, काल विभागाची एक गाडी पुलावर आली होती. साहेब उतरले नाहीत, काचेतून पाहिलं. आज ठेकेदाराच्या माणसांनी खालून सिमेंटचा हात मारला. रेघ दिसत नाही आता. त्याची पेन्सिलची खूणही नाही.

म्हणजे माझ्या पत्राने एवढंच झालं. होतं ते दिसेनासं झालं.

संध्याकाळी घरापुढे पांढरी बोलेरो. दहा मिनिटं उभी होती. कोणी उतरलं नाही. पडद्याच्या फटीतून नंबर लिहून घेतला, मग चष्मा पुसला, परत पाहिला, एक आकडा चुकला होता.

१४ फेब्रु., शनिवार

शेवंता गेली. जाताना उंबऱ्यात उभी राहिली.

"पुलाआधी उतरतो बाई, मायले घेऊन. ड्रायव्हरले बी सांगते. पण सांगितल्यानं बाकीचे नाई उतरत. पूल नवा हाये ना, कोण उतरते."

तिला पैसे दिले, मार्कंड्याला फूल वाहा म्हटलं. माझ्या घरात हे चालत नाही, तिलाही ठाऊक आहे. काही न बोलता तिने पदरात गाठ मारली.

१५ फेब्रु., रविवार. महाशिवरात्र

सकाळी फोन. नैताम.

"बाई, मी पुलापाशी हावो. पायटेपासून. दोन्ही तोंडाशी बाभळीच्या काट्या आडव्या टाकल्या. गावचे आठ-नऊ जण हायेत, माझे दोघं साळे बी आले धानोऱ्याहून. गाड्या रपट्यावरून काढून राह्यलो. माणसं उतरते, चालते, पलीकडं चढते. शिव्या देते, पण उतरते."

शेवंता? ती मायला घेऊन येणार हे त्याला सांगून ठेवलं होतं.

"तुमची शेवंताबाई तं काट्या ओढाले लागली आमच्यासंगं. माय बसली हाये दगडावर."

हसायला आलं आणि रडायलाही. खुर्चीवर बसले.

मग त्याचा आवाज बदलला.

"बाई, पलीकडं बोलेरो थांबली. पांढरी. पराग उतरला, अजून चार जण हायेत. काट्या काढून राह्यले. मांग यष्टी उभी हाये, भरलेली, टपावर बी लोक."

पोलिसांना फोन केला का, विचारलं.

"शेवंताबाईनं केला. येतो म्हणाले." मग म्हणाला, "वही हाये खिशात. काय लिहू?"

खूप काही सांगायचं होतं. पळ. मागे हो. पोरींचा विचार कर. त्यातलं काहीच आलं नाही.

म्हटलं, "आधी वेळ लिही."

"आठ दहा," तो म्हणाला.

मीही इथे लिहिली. ८.१०.

त्याचा फोन खिशात गेला असावा. कापडाची घसघस, लांबून कोणीतरी हिंदीत ओरडतंय, बसचा हॉर्न सारखा वाजतोय. एका बाईचा आवाज आहे, शेवंताचाच असावा, शब्द लागत नाहीत.

मी फोन ठेवलेला नाही. डाव्या हाताने कानाशी धरला आहे, उजव्याने हे लिहिते आहे. ८.१४. हॉर्न थांबला.